टाळ्या वाजवून झाल्यावर

बॉथेल
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

प्रिय कादंबरीताई,

आपलं रविवारचं पत्र या वेळी सोमवारी लिहितेय, आणि कारण वाचलंस की तूही हातातलं काम बाजूला ठेवशील. फोनवर सांगण्यासारखं नाही हे. फोनवर तू एकीकडे कणीक मळत असतेस आणि जिजू मागून विचारत असतात, काय म्हणतेय हिमानी.

काल आमच्या टीममधल्या शेलीचा वाढदिवस होता. ती म्हणाली, नवऱ्यांना घरी ठेवू आणि आपण बायका बायकाच जाऊ, इथला लोकल बर्लेस्क शो आहे, आठच्या आत घरी. मला वाटलं काहीतरी कॉमेडी असेल. मी गूगलसुद्धा केलं नाही यार. जुन्या ब्रुअरीच्या मागे एक हॉल आहे, घडीच्या खुर्च्या, गुडघाभर उंचीचं स्टेज. एकेक जण येतो, गाण्याच्या तालावर नाचतो, नकला करतो आणि नाचता नाचता अंगावरचे कपडे उतरवत जातो. सगळे इथलेच लोक. एक दातांच्या डॉक्टरकडे काम करणारी, एक स्कूल बस चालवणारी.

आणि मग एक आजीबाई आल्या. सुती साडी, वर जाड स्वेटर, डोक्याला कानटोपी, साडीखाली मोजे आणि स्नीकर्स, हातात ग्रोसरीची पिशवी. पब्लिक हसायला लागलं. मला राग आला, म्हटलं आपल्या बायकांची टिंगल करतंय कुणीतरी. तेवढ्यात त्यांनी कानटोपी काढली.

ताई, पद्मिनी काकू! तुझ्या त्या आश्लेषाच्या सासूबाई. नकुलची आई. आम्ही इथे नवीन आलो आणि माझं मिसकॅरेज झालं, तेव्हा महिनाभर मला रोज डबा आणून देणाऱ्या पद्मिनी काकू.

मग स्वेटर गेला. मग साडी. मग काय काय, मी तुला काय सांगू! गाणं संपेपर्यंत अंगावर काही राहिलं नाही असंच समज. साठी ओलांडलेली बाई, आणि लोक शिट्ट्या मारतायत. मला तर बघवेना. मी मान खाली घालून बसले आणि संपल्याबरोबर निघून आले. काकूंनी मला पाहिलं नसावं.

मोरेश्वर काकांना जाऊन तीन वर्षं झाली. माणूस एकटं पडलं की असं होतं का गं? घरी येऊन निमिषला सांगितलं तर तो नुसता हसला.

कुणाला बोलू नकोस. आश्लेषाला तर मुळीच नाही.

तुझी,
हिमू


अल्फारेटा
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय हिमू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना मात्र आश्लेषा डोळ्यांपुढे आली.

तुला तिथे देशाच्या दुसऱ्या टोकाला बसून कल्पना नाही, पण मी आश्लेषाला रोज बघते. आमच्या दोन गल्ल्या सोडून तर घर. संध्याकाळी आम्ही दोघी तळ्याभोवती चालायला जातो. जानेवारीत तिची तारीख आहे. तिच्या आईचा व्हिसा अडकलाय, म्हणून डिसेंबरमध्ये पद्मिनी काकू येणार आणि तीन महिने राहून सगळं करणार. चालताना तिचं तेच चालू असतं. आमच्या आई अशा, आमच्या आई तशा, आमच्या आई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. आणि मी नुसती हं हं करत असते, कारण माझ्या सासूबाई इथे सहा महिने राहून गेल्या त्याची आठवण अजून ताजी आहे.

या आठवड्यात तिचं ऐकताना मला कसंतरीच झालं. आपल्याला माहीत आहे आणि तिला नाही. त्यांच्या हातात ती आपलं तान्हं बाळ देणार. मी त्या जागी असते तर मला कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं की नाही? तूच सांग.

तू निघून आलीस ते योग्य केलंस. तुझे संस्कार दिसतात. आणि एक सांग, कुणी फोटो वगैरे काढले का गं? हल्ली काय कुठे जाईल सांगता येत नाही.

मी कुणाला बोलणार नाही. काळजी नको.

तुझी,
ताई


बॉथेल
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

फोटो काढायला तिथे बंदी होती. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, दिवाळी आणि ऑफिसमधलं सॉफ्टवेअरचं रिलीज एकाच आठवड्यात आले.

आजच हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे घेतली, पाच वाजायच्या आत अंधार. अशा अंधारात बेल वाजली. दारात पद्मिनी काकू, रेनकोटात, हातात फराळाचा डबा. एरवी त्या बूट काढतात आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघतात. आज उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"आत या ना काकू."

"नको, ओले आहेत बूट. अनारसे या वेळी बिघडलेत, चकल्या बऱ्या आहेत." मग माझ्याकडे बघत राहिल्या. "बरी आहेस ना?"

"हो. तुम्ही कधी निघताय अल्फारेटाला?"

"नाही जात."

"म्हणजे?"

"नकुलचा फोन होता. आश्लेषाच्या आईचा व्हिसा झाला म्हणे. 'मॉम, वुई आर गुड,' म्हणाला. दोन-दोन म्हाताऱ्या कशाला घरात." हसून म्हणाल्या, पण ताई, ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "पिटुकले मोजे विणून ठेवलेत, ते पोस्टाने पाठवीन."

आणि गेल्या. त्या शोबद्दल एक अक्षर नाही. मीही नाही काढलं. डबा मी न उघडता तसाच ओट्यावर ठेवला.

आश्लेषाच्या आईचा व्हिसा खरंच झाला का? तू रोज तिच्यासोबत असतेस, तुला माहीत असेल. आणि ताई, तू कुणाला सांगितलं नाहीस ना?

हिमू


अल्फारेटा
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय हिमू,

तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगते. सांगितलं. आश्लेषाला सांगितलं, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, चालताना. तुला "बोलणार नाही" असं लिहिलं त्यानंतर तिसऱ्याच दिवशी.

मला वाटलं ती मनात ठेवेल, जपून राहील. तिने घरी जाऊन नकुलला सांगितलं. तो इथे जन्मलेला, बर्लेस्क म्हणजे काय हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, त्यामुळे मला वाटलं होतं तो हसेल आणि सोडून देईल. पण आईचं नाव त्यात आलं की मुलगा कुठलाही असो. त्याने माझ्याकडे येऊन मला उभ्याउभ्या विचारलं, "नथिंग ऑन? असं तुमच्या सिस्टरने लिहिलंय?" मी म्हटलं हो. तसंच लिहिलं होतंस ना तू? अंगावर काही राहिलं नाही, हे तुझेच शब्द.

व्हिसा झालेला नाही. आश्लेषाच्या आईला मुलाखतीची तारीख फेब्रुवारीची मिळालीय. म्हणजे नकुल आईशी खोटं बोलला. आश्लेषा मला टाळतेय. काल तळ्याच्या पलीकडच्या बाजूला दिसली, एकटीच, पाय सुजलेले, आणि मला बघून वळली.

तू माझ्यावर चिडणार हे माहीत आहे. पण सगळा दोष माझ्याकडे ढकलू नकोस. मी तिथे नव्हते. मी जे वाचलं ते सांगितलं. तूच म्हणालीस तुला बघवलं नाही, मग मी काय समजायचं?

ताई


बॉथेल
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

चिडले होते. पत्र लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. मग तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि राग कुणावर धरायचा तेच कळेना. तू विचारलंस काय समजायचं. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी मान खाली घातली नव्हती. काकूंनी कानटोपी काढली तेव्हा मी तोंडावर हात धरला, हे खरं. पण मग त्यांनी स्वेटर काढला, आणि आत दुसरा स्वेटर. तो काढला, तर आत शाल. मोज्यांच्या आत मोजे. प्रत्येक वेळी प्रेक्षकांकडे अशा वैतागून बघायच्या, जणू थंडी आमच्यामुळेच पडलीय. हॉल गडगडून हसत होता. ताई, मी इतकी हसले की शेलीला मला धरावं लागलं. तेरा हिवाळे मी इथे असेच कपड्यांवर कपडे घालून काढलेत. माझीच गोष्ट कुणीतरी स्टेजवर सांगत होतं. मग साडी सुटली, निऱ्या एकेक करून, अगदी संथ. आत टिकल्यांचा लाल झगा होता, गुडघ्यापर्यंत. खांदे उघडे, बस्स. तुमच्या कम्युनिटी पूलवर बायका यापेक्षा कितीतरी कमी कपड्यांत पोहतात, तूसुद्धा. शेवटी त्या दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या, दंड लोंबतायत, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की मोरेश्वर काका गेल्यापासून मी तो तसा पाहिलाच नव्हता. मी उभी राहिले. शिट्टी वाजवली. डोळ्यांतून पाणी येत होतं माझ्या.

तेव्हा त्यांनी मला पाहिलं. सरळ माझ्याकडे बघून मान डोलावली.

शेलीने विचारलं, "तू ओळखतेस का त्यांना?" आणि मी म्हणाले, "नाही." का म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. तोंडातून आपोआप निघालं. आणि शो संपल्यावर कलाकार बाहेर येऊन लोकांना भेटतात असं कळल्यावर मी बाजूच्या दाराने सटकले.

दुसऱ्या दिवशी तुला लिहायला बसले तेव्हा खरं लिहिता आलं असतं. पण तू काय म्हणशील असं वाटलं. हिमू तिकडे जाऊन असल्या ठिकाणी टाळ्या वाजवते. म्हणून आधी स्वतःला सोवळं केलं, आणि मग ते खरं वाटावं म्हणून काकूंचे कपडे उतरवले. त्यांनी नव्हते उतरवले, मी उतरवले.

शनिवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. त्या ओट्याशी भाजी निवडत होत्या. मी बसलेच नाही, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तुला लिहिलेलं, काय लिहिलेलं, ते आश्लेषापर्यंत कसं गेलं, नकुलने का नको म्हटलं, सगळं. त्या मेथीची पानं खुडत राहिल्या.

"म्हणजे व्हिसा झालाच नाही," एवढंच म्हणाल्या.

"नाही काकू."

"मला वाटलं, मीच काहीतरी बोलले असेन. आश्लेषाला लागेल असं. इतके दिवस आठवतेय मी, काय बोलले असेन." जुडी संपली, तेव्हा काड्या गोळा केल्या. "नकुलला मी सांगणारच होते. बाळ झाल्यावर, जरा सावकाश. तो हसला असता का, माहीत नाही. पण मी सांगितलं असतं ना."

मी मूर्खासारखं म्हणाले, "काकू, काका गेल्यावर तुम्हाला फार एकटं वाटत असेल, मी समजू शकते..."

"काय समजू शकतेस?" पहिल्यांदाच आवाज चढला. "प्रत्येकाला एक दुखणं लागतं बाईच्या मागे. नवरा गेला म्हणून, मुलगा लांब म्हणून. माझी लायब्ररीतली मैत्रीण त्या शोवाल्यांचे कपडे शिवते. टिकल्या लावायला मदत कर म्हणाली, म्हणून गेले. मग एक दिवस म्हटलं, मीही करून बघते. मला मजा येते, हिमानी. एवढंच आहे ते. त्याच्या मागे काही नाही."

मग निवडलेली मेथी पाण्यात टाकत म्हणाल्या, "त्या दिवशी तू उभी राहिलीस. मला इतका आनंद झाला, मी तोंडावरचा रंगही न पुसता बाहेर आले. म्हटलं, आपलं कुणीतरी आलंय. हॉल रिकामा होईपर्यंत थांबले होते."

ताई, मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी मला उठवलं नाही आणि झिडकारलंही नाही. "आता जा," म्हणाल्या. "मला जरा पडू दे."

तू आश्लेषा आणि नकुलला हे सांग. मी सांगितलं असतं, पण माझ्या शब्दावर ते आता का विश्वास ठेवतील?

हिमू


अल्फारेटा
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय हिमू,

तुझं पत्र घेऊन गेले. वाचून दाखवलं नाही, पण ज्या शब्दांत तू लिहिलंस जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. तुझे जिजू म्हणाले, मी येऊ का सोबत? म्हटलं, नको, हे माझं मला करू दे.

आश्लेषा सोफ्यावर पाय वर करून बसली होती. स्वेटरांच्या आत स्वेटर ऐकून तिला हसू फुटलं आणि मग ती रडायला लागली. नकुल हसला नाही. तो म्हणाला, "आय डोंट केअर व्हॉट शी वोअर." मग मराठीत बोलला, तो सहसा बोलत नाही. "तुम्हाला माहीत होतं. तुमच्या सिस्टरला माहीत होतं. माझ्या वाइफला माहीत होतं. मला माझ्या आईची गोष्ट सगळ्यात लास्ट कळली. आणि ती पण खोटी."

मी पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली.

आश्लेषा म्हणाली, "मग आता फोन कर ना आईंना."

"काय सांगू? व्हिसाबद्दल लाय केलं म्हणून?" आणि तो उठून गराजमध्ये गेला. रागापेक्षा लाज जास्त आहे हिमू त्याला. मी ओळखते, कारण मलाही तीच आहे.

तू स्वतःचं लिहिलंस, मग मीही लिहिते. बाळाच्या काळजीने मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चालताना आश्लेषा म्हणाली, "सगळ्यांना अशी सासू मिळायला हवी ना हो?" सहज म्हणाली बिचारी. आणि माझ्या मनात आलं, थांब, तुला दाखवते तुझी सासू कशी आहे. तेवढ्यासाठी सांगितलं मी. सांगताना बरं वाटत होतं मला. संस्कारांच्या गोष्टी तुला मी लिहिल्या होत्या.

काकूंना मी फोन करू का? की माझा आवाजही नको असेल त्यांना?

तुझी,
ताई


बॉथेल
रविवार, १५ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

करू नकोस. मी दोनदा केला, दोनदा मेसेज ठेवला, माफ करा म्हणून. काल त्यांचा एका ओळीचा टेक्स्ट आला: "हिमानी, मी रागावलेली नाही असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस."

मी त्या ओळीला उत्तर दिलेलं नाही. आश्लेषाकडे मात्र लक्ष ठेव. ती वळली तरी तू जात राहा.

हिमू


अल्फारेटा
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय हिमू,

मुलगा झाला! दहा दिवस आधीच. मंगळवारी दुपारी नकुल कामानिमित्त सांता क्लाराला गेलेला, आणि आश्लेषाचा मला फोन, "कादंबरीताई, याल का?" मी स्लीपर घालूनच गाडी काढली. नकुल मिळेल त्या फ्लाइटने आला, पण बाळ त्याच्या आधी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्लेषाने हॉस्पिटलमधूनच पद्मिनी काकूंना फोन लावला. मी डबा घेऊन गेले होते, उठून बाहेर जायला लागले तर तिने हाताने बसवलं. "आई, या," एवढंच म्हणाली. फोन स्पीकरवर होता, पलीकडून काकूंनी विचारलं,

"नकुल काय म्हणतो?"

नकुल खिडकीशी बाळाला घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मॉम, व्हिसाचं मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे."

"आय एम सॉरी."

"हं." मग म्हणाल्या, "मी येते. पण फेब्रुवारीत दुसऱ्या रविवारी माझा शो आहे, त्याला मी परत जाणार. ते चालणार असेल तर तिकीट काढ. जाण्यायेण्याचं काढ."

नकुलने बाळाकडे बघितलं, आश्लेषाकडे बघितलं. मग म्हणाला, "ओके." त्याला ते आवडलेलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. पण तिकीट त्याने तिथेच उभ्याउभ्या फोनवर काढलं.

त्या शुक्रवारी आल्या. मी डिंकाचे लाडू करून नेले. दार त्यांनीच उघडलं. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "तू कादंबरी. ये." एक लाडू तोडून खाल्ला. "खोबरं कमी पडलंय." आणि बाळ माझ्या हातात दिलं. "याला धर जरा. सकाळपासून आंघोळ नाही झालेली माझी."

मी त्या बाळाला घेऊन बसले आणि मला भरून आलं. त्या केस पुसत बाहेर आल्या तेव्हा मी सगळं सांगायला लागले. त्यांनी थांबवलं. "तुझी माझी ओळख नव्हती. अनोळखी माणसावर मी किती रागावणार? आश्लेषासाठी धावलीस, ते तिने मला सांगितलं. झालं."

मी धीर करून तुझं नाव काढलं.

त्यांनी टॉवेल खुर्चीवर वाळत टाकला. मग म्हणाल्या, "तिला मी ओळखत होते." एवढंच.

लिहू की नको, चार वेळा विचार केला. पण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

तुझी,
ताई


बॉथेल
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

लिहिलंस ते बरं केलंस. ते वाक्य मी महिनाभर सोबत घेऊन फिरतेय. निमिष म्हणतो, तू केलेल्या चुकीपेक्षा शिक्षा मोठी करून घेतेयस. त्याला त्या डब्यांची चव माहीत नाही. तो तेव्हा ऑफिसात असायचा, मी एकटी घरी अंथरुणावर, आणि त्या न बोलता पोळी कुस्करून द्यायच्या.

काकू शनिवारी परत आल्या. काल रविवारी दुपारी माझा फोन वाजला, त्यांचं नाव बघून मी पहिल्या रिंगलाच उचलला.

"माझ्या गाडीची बॅटरी गेलीय. महिनाभर उभी होती. तू मोकळी आहेस का?"

"आलेच काकू."

मागच्या सीटवर त्यांनी कपड्यांची बॅग ठेवली आणि पुढे बसल्या. वाटेत बाळाचं सांगत होत्या. नाक मोरेश्वर काकांचं आहे. नाव वेद ठेवायचं म्हणतायत, काकूंना फारसं पसंत नाही, पण त्यांना विचारतोय कोण. नकुलने विमानतळावर सोडताना विचारलं म्हणे, "व्हिडिओ असतो का तुझ्या शोचा?" त्यांनी सांगितलं, नसतो, बघायचं तर यावं लागतं. तो म्हणाला, "मे बी." हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही.

हॉलशी उतरल्यावर म्हणाल्या, "दोन तास लागतील. नेणार असशील तर थांब, नाहीतर मी कुणालातरी विचारते."

"थांबते."

मी आत येऊ का, असं मला विचारायचं होतं. नाही विचारलं. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. पाऊस होता, काचा धुक्याने भरल्या. लोक छत्र्या झटकत आत जात होते. शेलीसुद्धा गेली, तिने मला पाहिलं नाही. मधेच आतून खूप मोठ्याने हसण्याचा आवाज आला आणि मला कळलं, आता काकू आहेत स्टेजवर. ते हसणं किती वेळ चाललं! मला बाहेर बसून ऐकावं लागलं, आणि ते तसंच बरोबर होतं.

त्या आल्या तेव्हा गालावरचा रंग अर्धाच पुसलेला होता. दमल्या होत्या. घरी पोचलो. मी बॅग त्यांच्या दारापर्यंत नेली. त्या पर्समध्ये किल्ली शोधत होत्या, तेव्हा मला राहवलं नाही.

"काकू, पुढच्या शोला मी आत येऊ का?"

किल्ली सापडली. दार उघडलं, दिवा लावला, माझ्या हातातली बॅग घेतली.

"अजून नाही," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

मी पायऱ्यांवर तशीच उभी होते ताई. "नाही" म्हणतील याची मी तयारी केली होती. "अजून" म्हणतील असं वाटलं नव्हतं.

तुझी,
हिमू